न वाकणारं कापड

८ जून

ती. ताईस,
सा. न.

शाळा सुरू झाली. नववीला कृष्णविवर शिकवायचंय. गोल लोखंडी कड्यावर ताणून बसवलेल्या कापडाच्या मध्यभागी लोखंडी गोळा ठेवला की झोळ पडतो आणि कडेने सोडलेली गोटी त्याच्याभोवती वळते. वस्तुमानाने अवकाश आणि काळ साधारण असेच वाकतात. तेवढं गोल कापड शिवून पाठव, माप सोबत जोडलंय.

तपासणीचं काय झालं? हे मी तिसऱ्यांदा विचारतोय. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
बारक्या

२ जुलै

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कापड पाठवलंय. झोळ पडणारं काम माझ्या दुकानातून बाहेर जात नाही, म्हणून खालून दुहेरी अस्तर लावलंय. हत्ती बसला तरी हलणार नाही. डॉक्टर काहीबाही सांगतात, तू तुझी पोरं सांभाळ. माया असू दे.

ताई

१० जुलै

ती. ताईस,
सा. न.

धन्य आहेस! गोळा ठेवला, कापड ढिम्म. गोटी सरळ टेबलाखाली गेली. वर्ग हसला, मीही हसलो आणि शेवटी खडू हातात घेतला.

एका मुलीने विचारलं, कृष्णविवरात पडणाऱ्याने दिव्याने खुणा केल्या तर आपल्याला दिसतील का? म्हटलं, दिसतील, पण प्रत्येक खूण आधीच्यापेक्षा उशिरा आणि फिकी. पडणाऱ्याला मात्र वाटत असतं, आपण वेळेवरच पाठवतोय.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. पूर्वी आठवड्याला यायची, पानभर असायची. आता महिन्याने येतात, चार ओळींची. ताई, मला भीती वाटते. आईबाबांच्या मागे तू मला वाढवलंस, पण तुला कधी वाकलेलं पाहिलं नाही. काय निघालं ते सांग. मी आता लहान नाही.

तुझाच,
बारक्या

१३ जुलै

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

गाठ वाईट निघाली. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. सोबत कोण येणार, असं नर्सने विचारलं. कोणी नको, म्हटलं. बाहेर आले, पायरीवर बसले आणि मला उठवेना. शेजारच्या फुलवालीने हात दिला.

मलाही भीती वाटते. कुणाला ये म्हणायची सवय नाही, म्हणून हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. रजा मिळत नसेल तर राहू दे, असं खाली लिहिलं होतं. ते खोडलंय. ये.

ताई