डाव्या हाताचं पेन

प्रिय ताई,

भाचीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. छपाई सुरेख आहे. तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. लेथच्या आवाजात ऐकू आलं नाही असं सांगितलं असतं तर तू मानलंही असतंस, पण खरं ते नव्हे. तुझ्याशी फोनवर भांडता येत नाही. तू आधी रडायला लागतेस आणि शेवटी माफी मीच मागतो. लहानपणापासून हेच चालत आलंय. म्हणून लिहितोय.

दुकान बरं चाललंय. हल्ली लोकांना भेट द्यायला हातानं केलेलं, नाव घातलेलं पेन हवं असतं. निवृत्त होणाऱ्या मास्तरांना, नव्या डॉक्टरीणबाईंना, रुसलेल्या नवऱ्याला. मी प्रत्येकाला एकच विचारतो, ज्याला द्यायचं तो पेन धरतो कसं? निम्म्यांना सांगताच येत नाही. एका घरात जन्म काढून नवऱ्याचा हात बायकोला ठाऊक नसतो. तुझ्याबद्दल मला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. तू डावखुरी, पेन अगदी निबेजवळ धरणार आणि ओल्या शाईवरून तळहात फिरवून सगळी वही बरबटवणार. एकाच टेबलावर अभ्यास करायचो आपण, तुझं कोपर कायम माझ्या बरगडीत.

तू मोठी अधिकारी झालीस तेव्हा ते गर्द हिरवं पेन केलं. तुझ्या अंगठ्यापुरती खोलगट जागा काढली, निब तुझ्या हाताच्या कलानं घासली, शाई बेतानंच उतरेल असं केलं. टोपणावर तुझं नाव सुईनं कोरलं. त्या नादात पेन कातायच्या दोन कांड्या वाया घालवल्या. अय्या, किती गोड, रोज वापरते, असं तू म्हणालीस आणि मी मूर्खासारखा महिनाभर खूष होतो.

गेल्या आठवड्यात एक साहेब दुकानात आले. माणूस भला. पेन पुढे ठेवून म्हणाले, दिसायला झकास आहे हो, पण कागदावर खरवडतं, शाई धड उतरत नाही आणि बोटांत तर बसतच नाही. ताई, टोपण काढायच्या आधीच मी ते ओळखलं. तुझं नाव नव्हतं. बोट फिरवलं तर तिथं टोपण घासून किंचित खोल गेलेलं लागलं आणि वर यंत्रानं उमटवलेलं साहेबांचं नाव. कुणाकडून घासून घेतलंस गं? हात चांगला आहे त्याचा. माझ्याकडे पाठव, मला मदतनीस हवाच आहे.

पेन दिलंस, दे. वस्तू आहे, तुझं काहीतरी काम झालं असेल. पण साहेब पुढे म्हणाले, बाईंनी खास माझ्यासाठी करवून घेतलंय, त्यांच्या ओळखीचा कुणी कारागीर आहे म्हणे, डबीवर तुमच्या दुकानाचा पत्ता दिसला म्हणून आलो. मी स्टुलावर बसलोच. राग नंतर आला, आधी लाज वाटली, आणि कशाची तेही कळेना. मागे तुझ्या कचेरीत आलो होतो, तेव्हा तू मला जिन्याखालीच भेटलीस. गडबडीत आहे म्हणालीस. तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

साहेबांना पेन दुरुस्त करून दिलं. निब उजव्या हातासाठी घासली, धरायचा भाग नवा बसवला. झकास चालतं आता. उद्या ते परत तुझ्याकडे आलं तरी तुला त्यानं लिहिता येणार नाही.

जाताना ते माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, तुमचा चेहरा बाईंसारखा वाटतो, नात्यातल्या का? मी म्हणालो, नाही हो, त्या आमच्या गिऱ्हाईक. माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच भीती वाटली. लग्नाला तेही येणार आहेत, मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी मांडवात दिसलो की तुझं खोटं उघडं पडेल, आणि आता माझंही. म्हणून मी येत नाही. भाचीला मनापासून आशीर्वाद, तिच्यावर माझा काडीचा राग नाही. आई मात्र पुढच्या खुर्चीवर बसून दाराकडे बघत राहील, बारक्या कुठाय म्हणून दर घटकेला विचारेल. तिला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याबद्दल लोकांना काय सांगावं, ते तुला बरोबर सुचतं.

तुझाच,
बारक्या