मागच्या खोलीतला आवाज

मंगळवार, ४ मार्च

मालकीणबाई वर आल्या! आत या म्हटलं तरी दारातच उभ्या, हात कमरेवर. "ते तुमचं कपडे वाळवायचं मशीन एक तर दुरुस्त करा, नाहीतर काढा. दिवसभर माझ्या डोक्यावर कुणीतरी दगड लोळवतंय. पंधरा तारखेपर्यंत वाट बघते. मग मीच माणसं बोलावून खाली उतरवीन, सांगून ठेवते."

आई नुसती "हो ताई, हो ताई" करत राहिली. त्या गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. आत्या चादरींच्या घड्या घालत बसली होती, ती म्हणाली, "बघतेस काय तिच्याकडे? सांग की तिला. एवढी शिकवलीय ती कशाला?"

मी पाणी तपासायला शिकले आहे. नळाचं, विहिरीचं, टाकीचं. ड्रायर नाही! पण आमच्या घरात हा फरक कुणाला पटायचा? घरातली पहिली शिकलेली मुलगी, म्हणजे विजेचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, टीव्हीचा रिमोट — सगळं तिच्या गळ्यात. मेकॅनिक मागच्या महिन्यात येऊन गेला. झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाला, "जुनं झालंय, नवीन घ्या." टिचकी तर मीही मारली असती.

ड्रायर गेला तर आईचं काम गेलं. सरळ आहे. 'व्यायामाच्या दवाखान्या'च्या — आई फिजिओथेरपीला असंच म्हणते — चादरी आणि टॉवेल सकाळी येतात. संध्याकाळी धुऊन, वाळून, घडी होऊन परत जायला हवेत. कपडे वाळत घालायला आमच्याकडे एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला तोंड करून. आणि मी सतराला जाणार. नोकरी पक्की, खोली ठरलेली. ही भानगड तशीच टाकून जायचं? मला तिकडे झोप लागायची नाही.

बुधवार, ५ मार्च

प्रयोगशाळेत शिकवलं तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. मग बघायचं.

रिकामा चालवला — आवाज आहे. म्हणजे बटणं, चेन, खिशात राहिलेलं काही, हे नाही. बाबांची पाणसळ वर ठेवून बघितली — अगदी सरळ उभा आहे. भिंतीपासून ओढला — आवाज आहे. मग डोळे मिटून नीट ऐकलं, तर आवाज एक नाहीच. दोन आहेत! एक धडधड, ड्रमच्या प्रत्येक फेरीला. दुसरा बारीक, दात शिवशिवतील असा, किंचाळल्यासारखा. आई म्हणते, "धडधडीची सवय झाली गं. ते किंचाळणं नको होतं."

बाबा कारखान्यातून आले. पत्र्याच्या प्रेसवर असतात ते, जन्म तिथेच गेला. हातपाय धुतले आणि रोजच्यासारखी मशीनला खेटून खुर्ची टाकली, पेपर उघडला. एवढं घर सोडून माणूस तिथेच का बसतो? मी विचारलं, "बाबा, किंचाळणं पुढून येतंय की मागून?" उत्तर नाही. परत विचारलं. "अगं मशीन चालू आहे, मोठ्याने बोल!" ओरडून विचारलं. त्यांनी झाकणावर तळहात टेकवला. "किंचाळतंय कुठे? थरथरतंय जरा. चालतंय तर चालू दे. कशाला उघडत बसतेस?"

झालं. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.

शुक्रवार, ७ मार्च

उघडायची भीती वाटते. बिघडलेलं मशीन चालतं तरी आहे. मी उघडलं आणि परत जुळलंच नाही तर? मग पंधरा तारखेचीही गरज नाही. आईचं काम माझ्याच हातून जाईल.

बाबांचं बोलणं मनातून जात नाही. खरं तर बोलणं कुठलं — न बोलणंच. होस्टेलला होते तेव्हाही हेच. फोन केला की दोन वाक्यं: "बरी आहेस ना? हां, हां. घे, आईशी बोल." मी परीक्षेचं सांगत असायची आणि ते "हां, हां". एकदा म्हटलं, बाबा, मी नापास झाले. तरी "हां, हां, छान!" मी तेव्हा हसले होते. नंतर खूप वाईट वाटलं होतं.

लहानपणी माझ्याशी किती बोलायचे. मी शिकत गेले आणि ते गप्प होत गेले. कुणी मुद्दाम केलं नाही, पण झालं खरं.

रविवार, ९ मार्च

आज दवाखाना बंद, म्हणून आजच. प्लग काढला. परत जाऊन बघितलं, काढलाय ना. तिसऱ्यांदा आई म्हणाली, "अगं तो प्लग काढून माझ्या हातात दे, मी धरून बसते."

आधी प्रत्येक बाजूचे फोटो. स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. वरचं झाकण निघालं. पुढचा पत्रा निघाला — आत केवढा कचरा! करड्या फरसारखा, वर्षानुवर्षांच्या टॉवेलांचा. आत्या म्हणाली, "आत मांजर मेलंय का बघ." सगळा साफ केला. पट्टा पुलीवरून सोडवला आणि आईने नि मी मिळून ड्रम बाहेर काढला.

आणि दिसलं! ड्रम मागे दोन छोट्या रबरी चाकांवर टेकतो. उजवं ठीक. डावं एका बाजूने झिजून चपटं झालेलं. फिरताना ती चपटी बाजू आली की ड्रम आपटणार — धडधड! मी ते चाक बोटांनी फिरवून फिरवून बघितलं. इतकी खूश झाले की आईला मिठीच मारली, काळ्या हातांनी.

पट्टा ताणून धरणारी छोटी पुली बघितली. चकचकीत आहे. ठीक असावी.

बाबा दारात येऊन सगळा पसारा बघून गेले.

मंगळवार, ११ मार्च

घरभर ओल्या चादरी. दारांवर, खुर्च्यांवर, पलंगाच्या कठड्यावर. बाबा चादर बाजूला सारून जेवायला बसतात. दवाखान्यातून आईला फोन — काल गेलेले टॉवेल दमट होते, पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघावं लागेल. आईने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराने चपटं चाक हातात घेतलं. "मिस्टर बसवणार का?" म्हटलं, मीच. "मग नीट बसेल," म्हणाला आणि स्वतःच हसला. दोन्ही चाकं घेतली. "पुली?" नको म्हटलं. एका वेळी एकच गोष्ट.

बुधवार, १२ मार्च

चाकं बसवली, ड्रम चढवला, पट्टा घातला, सगळं बंद केलं. बटण दाबलं — नुसती घुंईं! ड्रम हलेना. आई म्हणाली, "जळेल गं, बंद कर!" परत सगळं उघडलं. पट्टा ड्रमवर होता, पुलीखालून होता, पण मोटरच्या दांड्यावर घातलाच नव्हता. पाठ करून गेलेल्या परीक्षेत नाव लिहायचं विसरावं, तसं.

दुसऱ्यांदा फिरला. धडधड गेली! साफ गेली. पण किंचाळणं? होतं त्याहून जास्त. धडधडीखाली दबलं होतं ते आता मोकाट सुटलं. आत्याने दोन्ही कानांत बोटं घातली. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

तेवढ्यात बाबा आले. झाकणावर हात ठेवला, मान डोलावली, चेहरा खुलला त्यांचा. "अगं, झालं की! मस्त झालं. आता काही नाही. बंद कर ती उघडझाप."

मशीन कोकलत होतं, आत्या कानात बोटं घालून उभी होती, आणि हे म्हणतात आता काही नाही! माझं समाधान करायला खोटं बोलले? की मला गप्प करायला? लहान मुलाच्या चित्राला छान म्हणतात ना, तसं. न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून.

गुरुवार, १३ मार्च

एक स्क्रू उरलाय. ट्रेमध्ये कुठलाही कप्पा त्याचा नाही. हा आला कुठून?

शुक्रवार, १४ मार्च

पुलीच होती. वरून चकचकीत, आतून कोरडी ठणठणीत. हातात फिरवली तरी कुरकुरली. रविवारी फक्त दिसणं तपासलं, फिरवून बघितलंच नव्हतं! नवीन आणून बसवली. उरलेला स्क्रूही सापडला, म्हणजे त्याची जागा — मागच्या जाळीचा होता.

चालू केलं. आधी वाटलं, सुरूच झालं नाही. मग काचेतून चादरी गरगरताना दिसल्या. फक्त वाऱ्यासारखा आवाज. आई मशीनसमोर जमिनीवरच बसली. जीव भांड्यात पडला तिचा. म्हणाली, "घड्याळाची टिकटिक ऐकू येतेय बघ. किती दिवसांनी."

अर्ध्या तासात मालकीणबाई वर! "काढलंत की काय हो मशीन? मी आपलं रागात बोलले होते…" आईने त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. त्या चालत्या मशीनला कान लावून उभ्या. "कुणी केलं?" आई म्हणाली, "आमच्या मुलीने." असं म्हणाली, की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग त्या बसल्या, चहा घेतला. पंधरा तारखेचं नावही नाही.

बाबा घरी आल्यावर त्यांनी झाकणावर हात ठेवला. मान डोलावली. परवा डोलावली होती तेवढीच. परवा आणि आज यांत त्यांना काहीच फरक नाही?

शनिवार, १५ मार्च

गंमत झाली. मशीन गप्प झालं तरी आम्ही सगळे ओरडूनच बोलतोय! आत्या शेजारी बसून किंचाळली, "ती निळी चादर दे!" आई म्हणाली, "अगं हळू, मी इथेच आहे." दोघी हसत सुटल्या. संध्याकाळपर्यंत घराचा आवाज खाली आला. आई गुणगुणतसुद्धा होती.

बाबा त्यांच्या जागी, पेपर घेऊन. आईने दारातून विचारलं, "चहा ठेवू का?" साध्या आवाजात. ते वाचत राहिले. तिने ठेवला, आणून दिला. ते दचकून म्हणाले, "अरे वा, चहा? न विचारताच?" आई म्हणाली, "विचारलं की!" आत्या हळूच मला म्हणाली, "दादा रुसलाय का गं? तू जाणार म्हणून?" बाबा तिच्या समोरच होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

एक गोष्ट मनात आलीय. लिहायला नको वाटतंय.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी आवाज बदलला. बाकी सगळं आहे तसंच आहे.

रविवार, १६ मार्च

मशीन बंद होतं. बाबा पाठमोरे बसले होते. दारातून हाक मारली, नेहमीच्या आवाजात. मग थोडी मोठ्याने. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

जाऊन खांद्यावर हात ठेवला. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं. पेपरची घडी घातली. कधीपासून, विचारलं — मोठ्याने, समोर बसून. म्हणाले, "तू होस्टेलला गेलीस त्याच्याही आधीपासून. फोनवर तर तुझं काहीच कळायचं नाही. मी आपलं हां हां करायचो."

मग बंद मशीनवर हात ठेवून म्हणाले, "हे ओरडत होतं तोवर बरं होतं गं. सगळेच मोठ्याने बोलायचे."