एक पुर्जा कमी

४ नोव्हेंबर
उमरग्याला पोचले एकदाची. कोल्हापूरहून एसटीनं येताना अंग आंबून गेलं होतं. पण मुनवरभाई स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते, आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांनी जुन्या कुलपांवर असं काही बोलणं लावलं की माझी झोप उडाली. ते गुरांचे डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर जमवलेल्या तलवारी, कुलपं, अडकित्ते, तराजू यांचं घरातच छोटं संग्रहालय करायचंय, आणि त्या वस्तू दुरुस्त करून मांडायला मला बोलावलंय.
घर हायवेपासून आत आहे, भोवती तूर पिवळीधमक फुललीय. मला वरची खोली दिलीय, भरपूर उजेडाची. घरात आणखी एकच माणूस, त्यांची आत्या बिस्मिल्लाबी. नव्वदीला टेकल्यात. सगळे त्यांना फुफी म्हणतात, तर मीही. त्यांनी खिचडी आणि वर चिंचेचा आंबट खट्टा वाढला, दोनदा. खूप दिवसांनी कामावर आल्याचा आनंद झाला.

७ नोव्हेंबर
आज एक छोटं पिस्तूल हाती आलं. कोटाच्या खिशात ठेवायचं, तळहातात मावेल एवढं. नळीत शिसं ओतून ती कायमची बंद केलीय, पोलिसांनी तपासून तसा दाखला दिलाय, तेव्हा धोका काही नाही. कुठं घडवलं ते कळत नाही, अंगावर नुसती एका पक्ष्याची खूण. चाप नाही, आतली स्प्रिंग नाही, मुठीची एक पट्टी नाही. मुनवरभाईंच्या थोरल्या चुलत्यांचं होतं म्हणे. मांडायचं तर पुरं दिसायला हवं, असा त्यांचा हट्ट. म्हटलं, त्यात काय, चार फोन केले की झालं.

१५ नोव्हेंबर
चार फोन कसले! बेळगावचा दुकानदार फोटो बघून हसला. हैदराबादच्या संग्राहकानं खात्रीनं पाठवलेला चाप भलत्याच बंदुकीचा निघाला. सोलापूरचा माणूस रोज ‘उद्या सांगतो’ म्हणतो. हा पक्षी कुणाच्याच ओळखीचा नाही. बाकी सगळ्या तलवारी साफ करून झाल्या, आणि हे एवढंसं खेळणं मला नाचवतंय.

२१ नोव्हेंबर
बाजारात कल्याणप्पांचं लेथचं दुकान आहे. ट्रकवाल्यांचं काम करतात, कानडी हेलात बोलतात, माणूस सज्जन. त्यांनी माझ्या मापानं स्प्रिंग बनवली. दुकानात चपखल बसली. घरी येऊन लावायला गेले तर बसेना. परत दुकानात नेली, बसली. परत घरी, नाही. संध्याकाळी बघते तर स्प्रिंगचे तुकडे झालेले. मी इतकी चिडले की पिस्तूल पलंगावर फेकलं.

२४ नोव्हेंबर
कल्याणप्पांनी दुसरी बनवली. तीही गेली. ते म्हणाले, “ताई, लोखंडाचा दोष न्हाय ह्यो. सोडा की नाद.” मी नाद सोडणारी असते तर या धंद्यात आले नसते.
जेवताना हीच रड चालली होती. फुफींनी हात थांबवला. म्हणाल्या, “सापडत न्हाय तेच बरंय, बेटी. ते हरवलं न्हाय. माझ्या भावानं जाणून फेकलंय.”
मग त्यांनी सांगितलं. थोरल्या भावानं एका दुपारी ओसरीत बसल्या बसल्या धाकट्यावर गोळी झाडली. भांडण नाही, काही नाही. दोघं हसत बोलत होते. ‘हात माझा नव्हता,’ एवढंच थोरला मरेपर्यंत म्हणत राहिला. नळीत शिसं त्यानंच ओतवलं, चाप नदीत टाकला, स्प्रिंग विहिरीत. मुठीची पट्टी त्याच्या कफनात ठेवायला लावली.
मुनवरभाई म्हणाले, म्हातारपणाच्या गोष्टी आहेत, मनावर घेऊ नका. मी मान डोलावली. कथा छान होती, पण काम तसंच राहिलं.

२७ नोव्हेंबर
सकाळी टेबलावर चाप. ओला, गाळानं माखलेला. त्यावर तोच पक्षी.
मुनवरभाईंवर भडकले. आधीच होता तर मला गावोगाव फोन कशाला करायला लावले? त्यांनी कानाला हात लावून सांगितलं, आपण हा पाहिलेलाही नाही.
बसवून पाहिला. एका दमात बसला. इतक्या दिवसांच्या वैतागानंतर तो ‘टक्’ ऐकून किती बरं वाटलं, काय सांगू.

२९ नोव्हेंबर
आज स्प्रिंग आली. उशाशी होती, शेवाळ लागलेली.
कुणाला सांगितलं नाही. लावायची नाही असं ठरवून खाली चहाला गेले. वर आले तर ती आत बसलेली आणि माझ्याच बोटांना शेवाळ.

३० नोव्हेंबर
पट्टीही आली. मातीचा वास येतोय तिला, आणि कापराचा.
मी लावली नाही. मी नक्की लावली नाही. पण लागलीय.
खिडकीशी धरून पाहिलं. नळीतून उजेड दिसतो. शिसं नाही—

१ डिसेंबर
मुनवरभाई पेपर वाचत होते. मी पलीकडं बसून वाटाणे सोलत होते. त्यांनी वर बघितलं आणि पेपर खाली ठेवला. माझा उजवा हात समोर धरलेला, त्यांच्या गळ्याच्या रोखानं. हातात ते. कपाटात कुलूप लावून ठेवलेलं—
मी किंचाळले. ते मात्र हळूच म्हणाले, दीपालीताई, हात खाली घ्या.
घेता येत नव्हता.

२ डिसेंबर
डाव्या हातानं लिहितेय, अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे. मूठ उघडत नाही. कल्याणप्पांना बोलावलं. पक्कड घेऊन आले. पक्कड लावताच हात त्यांच्याकडं वळला. मीच ओरडले, पळा म्हणून.
मुनवरभाईंना शपथ घालून घराबाहेर काढलंय. पोलीस नको, कुणीच नको. जो जवळ येईल त्याच्याकडं हा—
फुफी मात्र ऐकत नाहीत. दारातून म्हणाल्या, पुर्जे तीन न्हाय, चार होते. चौथा हात.

दुपार
फुफी आत आल्यात. समोर बसल्यात. माझा हात त्यांनी मांडीवर घेतलाय. नको म्हणतेय मी. म्हणाल्या, “तू लिहीत राहा बेटी. काय बी लिही. इकडं बघू नको. जीव लिहित्या हातात ठेव.”
बरं. लिहिते. बाहेर तूर. ऊन. कुणाची तरी म्हैस हंबरतेय. फुफींचे हात गार आहेत. एकेक बोट सोडवतायत, काही तरी पुटपुटत. करंगळी सुटली. दुखतंय. तिच्या शेजारचं सुटलं. लिहीत राहते. मधलं— सुटलं. मधलं सुटलं! अंगठाही ढिला होतोय. फुफी हसल्या, म्हणाल्या, झालं, एकच राहिलं, चापावरचं. वाकून बघतायत. फुफी डोकं मागं घ्या. डोकं मागं. हे बोट मी हलवत ना