कर्टिस डोंगर उतरला

उताराखालचा वाहनतळ, मोन्टाना
फेब्रुवारी

प्रिय बाबा,

ऑक्टोबरात आपण भांडलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नातीला पत्र्याच्या डब्यात गारठवायला नेताय! आणि तुझ्या नवऱ्याला बर्फावर धड उभंही राहता येत नाही." गारठ्याचं खरं निघालं. रोज सकाळी आमच्या घरगाडीचं दार गोठतं आणि कर्टिस ते हेअर ड्रायरने सोडवतो. फोनवर मी हे कधीच कबूल केलं नसतं.

पण काल काय झालं ते ऐका. कर्टिस इथे माणसांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवतो, पण स्वतः स्कीवर बर्फातून घसरायला भयंकर घाबरतो. काल तो पहिल्यांदाच वरून निघाला. अर्ध्यावर मटकन खाली बसला. माझ्यासोबत पुढे गेलेली तुमची नात ज्यूनिपर थांबली, कमरेवर हात ठेवून ओरडली, "ऊठ रे डॅडी, रडूबाई! गुडघे वाकव! खाली नको, माझ्याकडे बघ!"

बाबा, हे तुमचे शब्द. मी सात वर्षांची असताना मला स्की शिकवताना तुम्ही अगदी असंच ओरडायचात. मी नकळत तेच तिला शिकवलंय.

कर्टिस उठला. बोंबलत, धडपडत थेट खाली आला आणि आम्हा दोघींना घेऊनच आडवा झाला. तिघंही बर्फात लोळून पोट दुखेपर्यंत हसलो.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही उत्तर लिहीपर्यंत बर्फ वितळेल. सकाळी फोनच करते. आमच्याकडचा पलंग तुम्हाला आखूड पडेल, पाय मुडपून झोपा. पण या.

तुमची,
इन्ग्रिड