पंचकातले पत्रे

वैशाख शु. ५, शके १८५५. वडवणी.

परळीच्या स्टेशनावरून आज दोन गाड्या आल्या. नळीचे पत्रे चोवीस, त्र्याहत्तर रुपये हाली (निजामाचे). खिळे-वायसर चार रुपये. लिंबाचे वासे गावचेच, अकरा रुपये. गाडीभाडे पाच. गाडीवानांना ताक फुकट. पण म्हैस काही फुकट खात नाही, म्हणून एक आणा धरला. एकूण त्र्याण्णव रुपये एक आणा. श्रीगजानन प्रसन्न.

जुने मातीचे माळवद आता जाणार. दर पावसाळ्यात घरात सात ठिकाणी भांडी मांडायची, हे मॅट्रिक झालेल्या बाईला शोभत नाही.

हे परभणीला कचेरीत पेशकार. इथे घरात मी, म्हैस आणि देवघर. ह्यांचे पत्र: छपराचे काम बायकांचे नव्हे, दादांवर सोपव. (दादा म्हणजे आमचे थोरले भावजी. भिंतीला भिंत लागून त्यांचे घर.) मी उलट लिहिले की मृगाच्या आत छप्पर उभे केले नाही तर घराच्या किल्ल्या भावजींच्या हातात देईन आणि मुकाट्याने परभणीला येईन. ह्यांचे उत्तर एका ओळीचे: मंजूर.

मृगाला महिन्यावर अवकाश आहे. काम आठ दिवसांचे. भूमितीत मला एकाहत्तर मार्क होते.

वैशाख शु. ९

उत्तरेश्वर सुताराशी बोलणे झाले. कामाला चांगला म्हणतात, तोंडाला त्याहून चांगला. म्हणाला, वैनीसाब, उद्याच हात घालतो, चार गडी आणतो, आठ दिसांत तुमी पत्र्याखाली. मी सांगितले, उद्या नाही. माळवदावर माझे वाळवण आहे. दोन पायल्यांच्या कुरडया, शिवाय पापड. ते वाळल्याखेरीज छपराला हात लावायचा नाही. तर म्हणतो, कुरड्या आमच्या माळवदावर टाका की. वा! म्हणजे निम्म्या ह्याची पोरे खाणार.

घाई कशाला? प्लॅन पक्का आहे.

वैशाख पौर्णिमा

कुरडया वाळल्या. सांडगे घातले.

वैशाख व. ८

उत्तरेश्वर आपण होऊन आला. परत पाठवला. पंचक चालू आहे. चंद्र धनिष्ठेच्या उत्तरार्धात शिरल्यापासून रेवती संपेपर्यंत पाच दिवस घरावर छप्पर चढवू नये. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण पाळते कोण? मी पाळते. उत्तरेश्वर म्हणाला, मंग पंचक सरल्यावर निरोप धाडा, आन् लवकर धाडा, मला लग्नाला जायचंय. मी म्हटले, कोणाच्या? म्हणाला, कोणाच्या न्हाई ते विचारा.

थोरल्या जाऊबाई वत्सलाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या की काय गं, पत्रे अंगणातच गंजवायचेत का? हसून सोडून दिले. त्या शिकलेल्या नाहीत.

ज्येष्ठ शु. ४

उत्तरेश्वर लग्नाला गेला आहे. लोकांना डिसिप्लिन म्हणून नाही.

ज्येष्ठ शु. ९

उत्तरेश्वर आला. वासे तासायला बसला. बरोबर तीन गडी. एकजण नुसताच तंबाखू मळतो. त्याला विचारले, तू काय करतोस? म्हणाला, मी त्येंना देतो.

ज्येष्ठ शु. ११. निर्जला एकादशी.

काम बंद ठेवले. पाणीही न घेता उपास, आणि वर ठोकाठोक! डोके धरले असते. ठोकाठोक नको तर नुसते रंधतो, असे उत्तरेश्वर म्हणत होता. पण मजुरी मात्र पूर्ण. मग बंदच बरे. देवाचेही झाले, हिशेबाचेही.

ज्येष्ठ पौर्णिमा, गुरुवार.

काल मृग लागला. ऊन लख्ख. वडाला सूत गुंडाळताना जाऊबाईंनी सगळ्या बायकांदेखत विचारले की किल्ल्या आज देतेस का उद्या? मी शांतपणे सांगितले, मृग नक्षत्र चांगले चौदा दिवस चालते. मृगाच्या आत म्हणजे मृग संपायच्या आत. त्या पुढचा फेरा घालू लागल्या. बाकीच्या का हसल्या ते समजले नाही.

मात्र वडाखालीच मला एक मोठी गोष्ट सुचली. पावसाच्या तोंडावर सगळे गाव माळवदावर नवी पांढरी माती टाकते, पाणी मुरू नये म्हणून. गावाबाहेरच्या पांढरीत उकरून उकरून आता खडा उरला आहे. आणि माझ्या डोक्यावर काय आहे? तीन पिढ्यांची, चाळलेली, मुरलेली, लोण्यासारखी पांढरी माती! पत्रे आले की ती मला काय कामाची? टोपलीला एक पैसा. निम्मे गाडीभाडे तरी सुटेल.

लक्ष्मी अशी डोक्यावर बसलेली असते आणि आपण खाली भांडी मांडत असतो.

ज्येष्ठ व. २, शनिवार.

दवंडीची गरज पडली नाही. जाऊबाईंना सांगितले, पुरे झाले. सकाळपासून दाराशी टोपल्यांची रांग. उत्तरेश्वर म्हणत होता, वैनीसाब, आधी अर्ध्या घरावर पत्रे चढवू, मंग दुसरी बाजू उकलू. मी म्हटले, गिऱ्हाईक आज आहे. पाऊस पडल्यावर कोण घेणार तुझी माती? म्हणाला, तुमची हाय, माझी कावून असंल.

संध्याकाळपर्यंत अर्धे माळवद विकले गेले. सगळ्यात जास्त माती जाऊबाईंनी नेली. पैसे रोख दिले. मोजून घेतले.

ज्येष्ठ व. ३, रविवार.

उरलेले माळवद विकले. देवघरावरची माती तेवढी विकली नाही, ती देवळाला दिली. त्रिंबकभटांनी आशीर्वाद दिला.

आता घरातून वर पाहिले की नुसते आकाश. हवा फार छान येते.

ज्येष्ठ व. ४, सोमवार.

वासे बसले. सांगाडा सुरेख दिसतो. पत्रे दुपारीच चढणार होते, पण कोपऱ्यात साठलेल्या मातीला पलीकडच्या आळीतून मागणी आली. उत्तरेश्वरला आणि गड्यांना टोपल्या पोचवायला लावले. पत्रे काय, उद्या चढतील. पळून थोडेच जातात?

रात्री पंचांग पाहिले. उद्या पहाटेपासून पंचक.

ज्येष्ठ व. ५, मंगळवार.

सकाळी उत्तरेश्वर पहिला पत्रा खांद्यावर घेऊन शिडीवर होता. खाली उतरवला. मंगळवारचे पंचक म्हणजे अग्निपंचक, बांधकामाला सर्वांत वाईट. म्हणाला, वैनीसाब, घरावर काय बी न्हाई, आभाळाकडं बघा तरी! पाहिले. ढग होते, पण पांढरे.

त्रिंबकभटांना विचारले. ते म्हणाले, अडचण असेल तर तोड आहे. काम करणाऱ्यांना आधी गोड जेवू घालावे, मग छप्पर चढवावे, दोष लागत नाही. मी घरी येऊन हिशेब केला. चार माणसांचा शिरा (तंबाखू देणाराही जेवणार, आणि तोच जास्त). रवा, साखर, आणि तूप तर विचारूच नका. उत्तरेश्वर एकटाच अर्धा शेर तूप जिरवील. शिवाय असली पळवाट मनाला पटत नाही. पाळायचे तर नीट पाळावे. रविवारी सकाळी पंचक सुटते. चार दिवस काय, चुटकीसरशी जातील.

उत्तरेश्वर जाताना म्हणाला, शिरा नको तर न्हाई, गुळाचा खडा तरी हातावर ठेवा, म्या गोड मानून घेतो. मी म्हटले, शास्त्रात जेवण म्हटले आहे. शास्त्रात काटकसर करणारी मी नव्हे.

ज्येष्ठ व. ६

ढग करडे. पण उंच.

ज्येष्ठ व. ७, दुपारी.

जाऊबाई म्हणाल्या, आमच्याकडे झोपायला ये गं, जागा आहे. नको म्हटले. म्हैस एकटी बुजते.

खबरदारी म्हणून चार पत्रे धान्याच्या कणग्यांवर आडवे टाकले. हे छप्पर नव्हे, झाकण आहे. दोन पत्रे देवांवर तिरके टेकवले. हा आडोसा आहे. एक चुलीवर. त्याला काय म्हणावे ते ठरायचे आहे.

ज्येष्ठ व. ८, शुक्रवार.

पडला.

ज्येष्ठ व. ९. थोरल्या भावजींच्या माजघरातून.

वही कोरडी आहे, कारण ती मी पोटाशी धरली होती. बाकी काही कोरडे नाही. कणग्यांवरची झाकणे वाऱ्याने उडाली. एक पत्रा मारुतीच्या पारावर सापडला. ज्वारी भिजली, गाद्या भिजल्या. भिंती वरून उघड्या, त्यांचा चिखल होऊन देवघरात उतरला. देव मात्र मी आधीच पदरात घेतले होते.

भावजींनी भर पावसात येऊन म्हैस सोडली, मग मला.  रागावले असते तर बरे झाले असते.

रात्रभर पाऊस धो धो. जाऊबाईंच्या घरात एक थेंब गळला नाही. मी सारखी वर बघत होते. त्यांनी माझ्या अंगावर घोंगडी टाकली आणि म्हणाल्या, बघतेस काय, तुझीच माती आहे ती. झोप निवांत.

गावात कुठेच गळले नाही म्हणे. सगळे नाव काढताहेत.

ज्येष्ठ व. ९, संध्याकाळी.

पंचक अजून आहे. भावजींनी सकाळी उत्तरेश्वरला आणि तिन्ही गड्यांना बोलावले. जाऊबाईंनी शिरा केला, तूप हात सोडून. मला वाढायला लावले. उत्तरेश्वर तिसऱ्यांदा पुढे करून म्हणाला, वैनीसाब, ह्या घरचं पंचक लई ग्वाड हाय. सगळे हसले. मीही हसले असावे.

दिवस मावळायच्या आत वीस पत्रे चढले. तीन वाकले, एक अजून मारुतीकडे. भावजी म्हणतात, भिंती आठ दिवस सुकू देत, मग सारवून घेऊ. प्लॅन माझाच, फक्त सुपरव्हिजन त्यांची.

मृग अजून चार दिवस आहे. त्या हिशेबाने छप्पर मृगाच्या आत झाले. हे भावजींना समजावून सांगायला गेले. त्यांनी नीट ऐकून घेतले. मग हात पुढे केला.

किल्ल्या दिल्या.

ज्येष्ठ व. १०, रविवार. पत्राचा मजकूर, नक्कल ठेवली.

शिरसाष्टांग नमस्कार. इकडील क्षेम. घरावर छप्पर झाले आहे, चांगले झाले आहे, कोणी केले ते भावजी आपणांस लिहितीलच. मातीचे चार रुपये सात आणे आले, त्यांतून भिजलेल्या गाद्यांचा कापूस होणार नाही. म्हैस जाऊबाईंकडे ठेवली आहे, ती तिथे रमली. किल्ल्या भावजींकडे दिल्या, ठरल्याप्रमाणे. ह्यावर आपण काही लिहू नये अशी विनंती.

माझे सामान थोडेच आहे. देव, ही वही, आणि कुरडयांचा डबा. परभणीच्या बिऱ्हाडावर छप्पर कशाचे आहे, हे मी विचारत नाही. फक्त मला न्यायला कधी येता, तेवढे परत टपालाने कळवावे.