लाद्यांचं शूटिंग

बाबा, आज सकाळपासून मी कॉम्प्युटरसमोर बसतोय, उठतोय, चहा टाकतोय, पुन्हा बसतोय. मुलुंडच्या घरात एका जुन्या कॉम्प्युटरवर आपल्या घरचे सगळे व्हिडिओ गोळा करतोय. कुणा कंपनीच्या भरवशावर नको, आपलं आपल्या घरात. ताईला बोरिवलीत बसून नेटवरून बघता येतील. तुम्ही मागे ठेवून गेलात त्या कॅमेऱ्यातली एकेक फाईल आत घ्यायची, तारीख घालायची, चौकटीत दोन ओळी माहिती लिहायची आणि सेव्ह करायचं, की ताईला दिसतं. एवढंसं काम, पण हात चालत नाहीये.

ट्रॉम्बेला जन्मभर मोठमोठी मशिनं चालवलीत तुम्ही, आणि कॅमेऱ्याच्या त्या एका बटणापुढे हरलात. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. तुमचं पहिलंच दाबणं चुकायचं, मग सगळंच उलटं. "हं, हसा!" म्हणताना कॅमेरा बंद, आणि "झालं" म्हणून हात खाली सोडलात की सुरू. त्यामुळे जो व्हिडिओ उघडावा त्यात घाटकोपरच्या घराच्या लाद्या, तुमची पावलं, आईच्या साडीचा काठ. मी वैतागून ताईला फोन केला, "अगं, नुसत्या लाद्या आहेत यार!" ती म्हणाली, "असू देत ना. बाबांचा आवाज आहे ना रे? एकूण एक चढव."

चढवल्या. "आमटीत गूळ घातलास का गं?" हेसुद्धा चढवलं. मग आली शेवटची, ताईच्या साखरपुड्याची. अंगठी घालून झाली तेव्हा मला दिसलं, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेलाच नाही. तुम्ही "झालं" म्हणून बटण दाबता आणि रेकॉर्डिंग तिथून सुरू होतं. लाद्या हलतात, ताई आत देवाला नमस्कार करायला गेलेली, आणि भर पाहुण्यांत माझा आवाज: "साधं एक बटण दाबता येत नाही तुम्हाला? परत हात लावू नका कॅमेऱ्याला!" त्यानंतर तुम्ही खरंच कधी लावला नाहीत. कॅमेरा तसाच हातात घेऊन तुम्ही गॅलरीत जाता, शेजारच्या काकांना म्हणता, "पोराचं बरोबर आहे हो. मला नाही जमत. आणि त्या भिंगाच्या नादात लेकीची अंगठी मी नीट बघितलीसुद्धा नाही." मग वीस मिनिटं तुम्ही फक्त ताईबद्दल बोलता. तिला पहिल्यांदा हातात घेतलंत ते, तिच्या शाळेच्या फाटकाशी तुम्हीच रडलात ते. इतकं सलग तुम्ही दुसऱ्या कुठल्याच फाईलमध्ये बोललेला नाहीत. माझा आवाज कापून बघितला, बाबा. पण मग "पोराचं बरोबर आहे" कशाबद्दल, हे ती विचारणारच. लाज वाटते हो मला.

दुपारी तिचा फोन आला, "चढल्या का सगळ्या?"

"एक सोडून. खराब झालीय, उघडतच नाही."

"कुठली रे?"

"तुझ्या साखरपुड्याची."

ती म्हणाली, "जाऊ दे. तू नको वाईट वाटून घेऊस. त्यातही लाद्याच असतील."

फाईल ठणठणीत आहे, बाबा. सकाळपासून चार वेळा ऐकली. हे सगळं त्या फाईलच्याच माहितीच्या चौकटीत लिहून बसलोय, आणि सेव्हचं साधं एक बटण मला दाबता येत नाहीये.