तिकडं तुमी न्हाय

आबा, माझं चौथं पुस्तक गेल्या आठवड्यात आलं. भीतीच्या गोष्टी, आपल्या जगाला लागून असलेल्या दुसऱ्या जगांच्या. वाचणारी सगळी पोरं चौदा-पंधरा वर्षांची. परवा बारामतीच्या एका शाळेत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचतं कुठून?" लहानपणी खूप वाचायचे, असं मी सांगून टाकलं. आपल्या शेळगावच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज वाचायला काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

डाळिंबाच्या बागेसाठी तुम्ही शेततळं खणलं आणि त्यात प्लास्टिकचा काळा कागद अंथरला, त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. कागदावर शेवाळ धरलेलं. बादली बुडवताना माझा पाय सटकला, मला धरायला वाकलेली ताईही आत आली. आम्ही वर चढायला बघतोय आणि पाय परत परत खाली घसरतायत. तुम्ही बांधावरून धावत आलात, ठिबकची नळी फेकलीत. ती माझ्या हाताला आली. मला ओढून तुम्ही ती पुन्हा फेकलीत, तेव्हा धरायला कुणी नव्हतं.

त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग एका दुपारी मी तळ्याच्या कडेला बसले असताना पाण्यात आपलं घर दिसलं. उलटं, पण लख्ख. अंगणात ताई केस वाळवत होती. तिकडं नळी तिच्या हाताला आली होती, आणि आत भिंतीवरच्या फोटोत मी होते, हार घातलेली. आईला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. वाटलं, माराल. तुम्ही नुसतं विचारलंत, "बरी हाय का ती?"

मग रोजचंच झालं. मी शाळेतून आले की तुम्ही ओसरीवर वाट बघत असायचात. "आज काय खाल्लं तिनं? शाळंला जाती का?" मी दिसेल ते सांगायची. त्या दुपारी फार मऊ होत्या, आबा. तुम्ही माझ्याशी बोलत होता, एवढंच मला कळत होतं. बागेत पाणी द्यायचं राहून गेलं, डाळिंबं झाडावरच तडकली, आई एकटीच राबत राहिली.

आणि मग तो दिवस. तुमच्या चपला बांधावर आहेत आणि तुम्ही कागदावर, कमरेइतक्या पाण्यात.

"मला बी दिसाया लागलंय," तुम्ही म्हणता. "हात करतीया. जाऊन येतो."

"आबा, तिकडं तुमी न्हाय."

तुम्ही मान वळवलीत.

"ताईला काढाया तुमी आत उतरला. तिला वर ढकललं आन तुमी राहिला. तुमचा बी फोटू हाय तितं."

तुम्ही परत पाण्याकडं वळलात. "मंग तिला कोण हाय?"

"आई हाय."

"आन हितं?"

"हितं मी हाय, आबा."

मी नळी टाकली. ती धरून तुम्ही वर आलात आणि माझ्याशेजारी मातीत पडून राहिलात. आठवड्याभरात तळं उपसलंत, कागद फाडून काढलात, खड्डा बुजवून टाकलात. पुढं आठ वर्षं जगलात, मला बारामतीला कॉलेजात घातलंत. ताईचं तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाही.

तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. तिकडं तुम्ही होतात, आबा. पहिल्या दिवसापासून होतात. ताईच्या वेण्या घालून देत होतात, माझ्या फोटोकडं पाठ करून, आणि हसत होतात. त्या दिवशी तुम्हाला वाचवावं असं माझ्या मनात आलंच नव्हतं. मला तिचा राग आला होता.